मुरवणीला टाकलेलं दार

पाण्याचा टँकर मागे घेताना जेमतेम घासला होता. सोसायटीच्या फाटकापाशी सुवर्णाची गाडी उभी होती आणि टँकरच्या कोपऱ्याने तिच्या मागच्या डाव्या दाराला पोचा पाडला. पोचा केवढा, तर तळहात बसेल एवढा. टँकरवाला खाली उतरून हात जोडून उभा राहिला.  सुवर्णाने वाकून त्या पोच्यावरून बोटं फिरवली.

साधा पत्रा असता तर चिंचवडच्या कुठल्याही गॅरेजात ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून चार दिवसांत गाडी घरी आली असती. पण ह्या गाडीला पत्राच नव्हता.

पूर्वीच्या विजेच्या गाड्यांच्या पोटाखाली बॅटरीची जड पेटी असायची. ह्या नव्या, महागड्या गाड्यांमध्ये ती पेटी काढून टाकलेली होती. गाडीची कातडी हीच तिची बॅटरी. केसाहून बारीक कार्बनच्या धाग्यांचं कापड, त्यावर काचेच्या तंतूंचा पातळ थर, त्यावर पुन्हा कार्बनचं कापड, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी, घट्ट झाल्यावरही आतून विद्युतभार वाहू देणारी राळ. अशी दारं, असं छप्पर, असंच बॉनेट. ते धक्काही सोसतं आणि वीजही साठवतं. पेटीचं वजन गेल्यामुळे गाडीचा तळ सपाट झाला, मागची सीट पसरली की माणसाला पाय लांब करून झोपता येऊ लागलं. आणि वाचलेल्या वजनाच्या जागी प्रत्येक चाकाला विजेचे दट्टे आले. पुढचा खड्डा कॅमेऱ्याला आधी दिसायचा आणि चाक त्यात उतरताना दट्ट्या तेवढंच चाक खाली सोडायचा. आतल्या माणसाला खड्डा कळायचाच नाही.

सुवर्णाने गाडी घेतली ती स्वतःच्या हौसेने. पण गेल्या काही महिन्यांत ती गाडी तिच्या वडिलांसाठी औषधासारखी झाली होती.

जगन्नाथ घाग, म्हणजे आप्पा, जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर. चिपळूण डेपोतून निघून कुंभार्ली घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. बायको गेल्यावर आणि सुवर्णा नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ते तिच्याकडे पुण्याला येऊन राहिले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला आणि मानेच्या मणक्यांत बसला. किरणोपचाराचे शेक देऊन झाले, नव्या गोळ्या झाल्या. डॉक्टर इनामदारांनी सुवर्णाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मानेची हाडं आता बिस्किटासारखी झालीत. मोठा गचका बसला तर काय होईल, सांगता येत नाही."

एकदा रुग्णवाहिकेतून तपासणीला नेलं, तेव्हा पहिल्याच गतिरोधकावर आप्पांची शुद्ध हरपली. परतताना सुवर्णाने त्यांना आपल्या गाडीत झोपवून आणलं. घर आल्यावर आप्पांनी डोळे उघडले आणि विचारलं, "निघायचं नाही का अजून?"

"आलो आपण, आप्पा."

 आप्पा छताकडे बघत म्हणाले, "रस्ता कुठे गेला गं?"

त्याच दिवशी त्यांनी गावाला जायचं काढलं. संगमेश्वर तालुक्यात माखजनच्या पुढे त्यांचं गाव. तिथे त्यांची थोरली बहीण होती, शेवंता; आप्पा तिला आक्का म्हणत, बाकीचे आत्या. लहानपणी तापात तिचे कान गेले आणि म्हातारपणी काचबिंदूने डोळे. तोंडाने ती बोलायची, मोठ्या, सपाट आवाजात. पण तिच्याशी बोलायचं तर तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढावी लागत. मंगेश, म्हणजे घरातला पुतण्या, आणि त्याची बायको सायली कामापुरतं लिहीत. जेव. पाणी. ऊन आलं, आत ये. आप्पा मात्र शिमग्याला गावी गेले की पडवीत तिच्यासमोर मांडी घालून बसत आणि तासन् तास तिच्या हातावर लिहीत. कोण मेलं, कुणाला मुलगी झाली, घाटात दरड कुठे पडली. ती मध्येच हसायची, मध्येच त्यांच्या बोटावर चापट मारायची. दोन वर्षं आजारपणामुळे आप्पांना जाता आलं नव्हतं.

फोन तिच्या उपयोगाचा नव्हता. मंगेशने मध्यंतरी एक हातमोजा आणला होता. इकडून बोललं की तिकडे तळव्यावर अक्षरांच्या टिचक्या उमटायच्या. आत्याने तो अर्ध्या तासात काढून ठेवला. "ह्यात माणूस नाय," म्हणाली. तिला पुण्याला आणणंही जमण्यासारखं नव्हतं. डोळ्यांच्या उपचारासाठी एकदा आणलं होतं, तेव्हा ओळखीच्या भिंती हाताला लागेनात म्हणून ती एका कोपऱ्यात हात छातीशी घेऊन बसून राहिली. जेवली नाही, झोपली नाही. परत नेल्यावरच माणसात आली.

म्हणून आप्पांनीच जायचं ठरलं. दसरा झाला की निघायचं. आणि दसऱ्याच्या आधी टँकर घासला.

*

वर्कशॉपचे मॅनेजर बेहेरे शांत स्वभावाचे गृहस्थ होते. दाराला यंत्र लावून त्यांनी पडद्यावरची रेघ सुवर्णाला दाखवली. दाराच्या आतले थर एकमेकांपासून सुटले होते.

"बदलावं लागेल, मॅडम. आणि तुम्हाला मी काय सांगणार? मुरवणी आली."

मुरवणी हा शब्द वर्कशॉपवाल्यांनी काढलेला. त्यामागची पद्धत मात्र सुवर्णा जिथे काम करत होती, त्या चाचणी प्रयोगशाळेत ठरली होती आणि त्या पद्धतीचा मसुदा लिहिणाऱ्या चौघांपैकी ती एक होती.

गोष्ट अशी होती. बॅटरी वापरून वापरून झिजते. गाडीचं सगळं अंग एकाच वेळी झिजत असतं तोवर ठीक. पण जुन्या अंगाला कोरं दार जोडलं, की चार्ज करताना जुने भाग आधी भरतात आणि नवं दार अजून मागतच असतं. त्या ओढाताणीत जुने भाग तापतात. सुरुवातीच्या काळात अशी नवं बॉनेट बसवलेली एक गाडी एका इमारतीच्या तळघरात पेटली होती आणि वरच्या मजल्यावरचं एक अख्खं कुटुंब धुरात गुदमरून गेलं होतं. त्या जळक्या बॉनेटचे तुकडे सुवर्णाने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने तपासले होते. त्यानंतर नियम झाला. नवा भाग आधी कारखान्यात उबदार कपाटात ठेवायचा, भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, आणि ज्या गाडीला तो लागणार तिच्याइतका जुना करून मगच पाठवायचा. घाई केली, जास्त तापवलं, तर तो जुना होतो, पण भलत्याच रीतीने. मग गाडीशी त्याचं जुळत नाही. गाडीही असा भाग ओळखते आणि सुरूच होत नाही.

"किती दिवस?" सुवर्णाने विचारलं.

"कारखाना एकच, कपाटं मोजकी. दिवाळीच्या आत देतो म्हणतायत."

दिवाळीला तीन-चार आठवडे होते. सुवर्णाने घरी येऊन सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मग काय, भाऊबीजेलाच जाऊ. आक्काला बरं वाटेल."

सायलीने आत्याच्या हातावर लिहिलं, जगू भाऊबीजेला येतोय. मग फोन करून सांगितलं की आत्याने ट्रंकेतून धोतरजोडी काढून उन्हात टाकायला लावली आहे.

*

दिवाळीच्या आधी बेहेऱ्यांचा फोन आला. मुरवणी चांगली चालली होती, पण शेवटी शेवटी दाराची झीज दाखवणारी रेघ गाडीच्या रेघेवरून सरकली. ते बाद झालं. दुसरं दार कपाटात घातलंय.

"पण आता त्यांना अंदाज आलाय, मॅडम. या खेपेला लवकर होईल."

तारीख मिळाली. ती आली आणि आठवड्याने पुढे गेली. मग पुन्हा थोडी पुढे. एकदम तीन महिने लागतील असं कुणी सांगितलं असतं, तर सुवर्णाने दुसरा काहीतरी मार्ग काढला असता. हेलिकॉप्टरची चौकशी केली असती, तसलीच गाडी असलेल्या माणसाच्या पाया पडली असती. पण दार प्रत्येक वेळी चार-आठ दिवसांवर असायचं. तेवढ्यासाठी कोण जगाच्या विनवण्या करतं?

आप्पा खिडकीजवळच्या खाटेवर मानेला पट्टा लावून पडून असायचे. कधी कधी त्यांचं बोट चादरीवर हलायचं. एकदा चहा घेऊन आलेल्या सुवर्णाने विचारलं, "काय लिहिताय?"

"आक्काला सांगायच्या गोष्टी. क्रम लावतोय." ते जरा लाजले. "तुझ्या आईचं शेवटचं दुखणं तिला नीट सांगितलंच नाही मी. तेव्हा बोटच चाललं नाही. ते सांगायचंय. आणि आणखीन एक आहे."

"काय?"

"ते तिलाच."

मार्गशीर्ष लागला तेव्हा बेहेऱ्यांनी सुवर्णाला वर्कशॉपवर बोलावून घेतलं. केबिनचं दार लोटून ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, म्हणून सांगतो. भंगारात निघालेल्या एका गाडीचं दार मिळतंय. तुमच्या गाडीपेक्षा थोडं कमी वापरलेलं. गाडीची ओळखतपासणी बंद करून देणारी माणसंही आहेत. जाऊन या, आल्यावर काढून टाकू."

"माझ्या गाडीच्या रेघेपासून त्याची रेघ किती लांब आहे?"

त्यांनी आकडा सांगितला. सुवर्णाने तो मनात पडताळून पाहिला. एका खेपेत बहुधा काही झालं नसतं. पण वाटेत कराडला एकदा चार्ज करावं लागणार होतं, आणि मागच्या सीटवर जो झोपणार होता, त्याला काही झालं तर उठून बाहेर पडता येणार नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ते जळके तुकडे आले.

घरी येऊन तिने आप्पांना सगळं सांगितलं.

"तू काय म्हणतेस?" आप्पांनी विचारलं.

"मला भीती वाटते, आप्पा."

"मग नको. ब्रेकबद्दल मेकॅनिकच्या मनात शंका असेल तर मी गाडी डेपोच्या बाहेर काढत नसे. प्रवासी शिव्या द्यायचे, देऊ देत." मग ते म्हणाले, "आठ दिवसांचाच प्रश्न आहे ना?"

"हो. आठ-दहा दिवस."

*

त्यानंतर एका सकाळी ती त्यांचं तोंड पुसत असताना आप्पा म्हणाले, "सुवर्णा, हात पुढे कर. मी काय लिहितो ते सांग."

तिने तळहात पुढे केला. आप्पांचं बोट त्यावरून फिरलं. गिरगटल्यासारखं झालं, मग ते बोट घसरून तिच्या मनगटावर गेलं.

"काय लिहिलं?"

"पुन्हा लिहा, आप्पा. माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा नुसत्या रेघोट्याच उमटल्या.

"'आक्का' लिहिलं," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. दोन दिवस झाले, चादर हाताला लागत नाही. हात चादरीवर आहे का हवेत आहे, ते बघावं लागतंय."

डॉक्टर इनामदार घरी येऊन गेले. मानेतलं हाड खचून मज्जारज्जू दाबला गेला होता. त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. मानेला आणखी शेक देता येणार नव्हता आणि अशा हाडांवर शस्त्रक्रिया सोसवणार नव्हती. जिन्यात ते म्हणाले, "जे गेलं ते बहुधा परत येणार नाही. चेहरा, बोलणं, गिळणं हे राहील. काही काळ तरी."

सुवर्णाने तिथूनच बेहेऱ्यांना फोन लावला. "ते भंगारातलं दार बसवा," ती म्हणाली. "आजच."

बेहेरे म्हणाले, "ते गेलं, मॅडम. दुसऱ्याने नेलं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली, आणि रडताना तिला रागावायलाही कुणी सापडेना. टँकरवाला भला माणूस होता. बेहेरे भले होते. कारखाना नियमाप्रमाणे वागत होता आणि नियम बरोबर होता.

दार आलं ते त्यानंतर पंधरवड्याने. बेहेरे स्वतः गाडी घेऊन आले. रंग इतका जुळला होता की कुठलं दार बदललंय ते शोधावं लागत होतं.

आप्पांचे हात तोवर पुरते गेले होते. सुवर्णाने विचारलं, "जायचं का, आप्पा?"

"डोळे आहेत ना माझे," ते म्हणाले. "आक्काला बघून तरी येऊ."

*

कुंभार्ली घाटात गाडी तरंगत उतरली. आप्पांना झोपल्या जागेवरून फक्त खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागातलं आभाळ आणि डोंगराची कड दिसत होती. कड कुठल्या बाजूने येते यावरून ते वळणं ओळखत होते.

"इथे गिअर खाली घ्यावा लागायचा," ते म्हणाले. मग पुढे, "इथे तर सगळी गाडी थरथरायची." आणि घाट संपल्यावर, "काहीच कळलं नाही गं."

मंगेश आणि शेजारच्या दोघांनी त्यांना जाड कापडाच्या झोळीतून अलगद पडवीत आणलं आणि आत्याच्या शेजारी गादीवर ठेवलं. शेवंताआत्या सकाळपासून आंघोळ करून बसलेली होती. वाळून हाडकुळी झालेली, केस पांढरेफेक, नाकात चमकी. सायलीने तिच्या हातावर लिहिलं, आला.

आत्याने हात पुढे करून चाचपत भावाचा खांदा शोधला, त्यावरून खाली येत त्याचा हात धरला. "आलास, जगू," ती म्हणाली. आणि आपला उजवा तळहात उघडून त्याच्यापुढे धरला.

आप्पांनी त्या तळहाताकडे पाहिलं. मग सुवर्णाकडे.

"काय लिहू?" सुवर्णाने हळूच विचारलं.

"लिही, कशी आहेस."

तिने लिहिलं. आत्या म्हणाली, "बरी हाय. उशीर केलास. धोतर दोनदा उन्हात घातलं मी."

"गाडी बंद होती," सुवर्णाने लिहिलं.

"दुसरी नव्हती?"

"दार येत नव्हतं."

आत्याने शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा जुळवला. "दार?" ती म्हणाली. तिच्या सपाट आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "एका दारासाठी थांबलास?"

सुवर्णाचं बोट तळहातावर टेकून राहिलं. कार्बनची कापडं, रेघा, तळघरातली आग, हे सगळं त्या सुरकुतल्या तळव्यावर कसं लिहिणार? तिने फक्त "हो" लिहिलं.

आत्याने एकाएकी तिचं बोट पकडलं, त्याची पेरं चाचपली. "हे जगूचं बोट नव्हे. तू सुवर्णा ना? तो का लिहीत नाय?"

आप्पा कुजबुजले, "सांग, हात दमलेत."

पण आत्याने तोवर त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला होता. तिने एक एक बोट दाबलं. तळव्यावर नखाने ओरखडलं. मग हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून जोरात पिळली. आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते. चिमट्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. हातांखेरीज ज्या बाईला जगच नव्हतं, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ तो हात मांडीवर घेऊन बसली, गारठलेल्या मुलाचा हात चोळावा तशी चोळत. मग तिने वर हात नेऊन भावाचा गाल शोधला. तो ओला होता. तिने पदराने पुसला.

"आक्का, मला तुला काय सांगायचं होतं..." आप्पा म्हणाले आणि त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णाने आत्याचा तळहात ओढून घेतला आणि बोट टेकवलं. आप्पांचे ओठ हलले, पण तिच्यासमोर त्यांना ते बोलता येईना. ती समजली.

"मी बाहेर जाते, आप्पा."

"जाऊन काय उपयोग?" आप्पा म्हणाले. "मग लिहील कोण?"

आत्यानेच तिढा सोडवला. तिने आपला हात हळूच काढून घेतला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी बोलते. तू ऐक."

ती बोलत राहिली. विहिरीत पडलेलं वासरू, आईने लपवून ठेवलेला गूळ, कान गेले त्या वर्षी जगूने तिला शाळेची कविता ओठ हलवून हलवून कशी शिकवली. सुवर्णा खळ्यात आंब्याखाली जाऊन बसली. तिथून तिला आत्याचा मोठा आवाज ऐकू येत होता, आणि तो थांबला की आप्पांचा बारीक आवाज. "हो गं. आठवतंय ना. हो." मध्ये एकदा ते बराच वेळ एकटेच काहीतरी सांगत राहिले, अगदी हळू. आत्या तेव्हा गप्प होती. तिला त्यातलं अक्षरही कळणार नव्हतं.

*

आप्पा माघात गेले, पुण्यात, दुपारच्या झोपेत. मंगेशने फोनवर विचारलं, "आत्याला सायलीने सांगावं का?" सुवर्णा म्हणाली, "नको, मी येते."

दिवस झाल्यावर ती एकटीच गावी गेली. आत्या पडवीत होती. पावलांचा हादरा जमिनीतून कळला, तशी ती सावरून बसली आणि तिने तळहात उघडला. सुवर्णाने आधी आपलं नाव लिहिलं. मग लिहिलं, जगू गेला.

आत्याचा चेहरा हलला नाही. "कळलं नाय," ती म्हणाली. "परत लिही."

सुवर्णाने एक एक अक्षर मोठं काढून परत लिहिलं.

"परत लिही."

तिसऱ्यांदा 'जगू'पर्यंत पोचली असेल, तोच आत्याने मूठ मिटली. सुवर्णाचं बोट आतच राहिलं. तिने ते काढून घेतलं नाही.